मेंदूच्या तळघरातील कारभारी

आपल्या मराठीत 'अंगवळणी पडणे' असा एक मोठा अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे. नव्या गुमास्त्याला कीर्द-खतावणी काही दिवसांनी अंगवळणी पडते, नव्या सुनेला सासरची रीत अंगवळणी पडते, आणि आपल्यासारख्या पिढ्यान् पिढ्या कर्नाटकात नांदलेल्या घरांत तर घरची एक भाषा व बाजारची दुसरी, हा पालटही अंगवळणीच पडलेला असतो. 'हात बसला', 'जिभेला वळण लागले', 'पायाखालची वाट आहे' हे शब्दप्रयोगही त्याच कुळातले. एखादी कृती पुरेशा वेळा केली म्हणजे ती विचार न करता घडू लागते, हे निरीक्षण आपल्या पूर्वजांनी भाषेत असे जपून ठेवले आहे.

आमच्या कलघटगीत त्याचे उत्तम उदाहरण पाहावयास मिळते. हुबळीहून कारवारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव रंगीत लाकडी पाळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. पाळण्याच्या अंगावर रामायण-महाभारतातील प्रसंग रंगविणाऱ्या कारागिराचा हात पाहावा. तो शेजाऱ्याशी बोलत असतो, मध्येच नातवाला हाक मारतो, आणि हातातला कुंचला मात्र रथाच्या चाकाची गोल रेघ न थांबता पुरी करतो. त्याला विचारले तर तो म्हणेल, "हाताला माहीत आहे." हाताला जे माहीत असते ते वास्तविक मेंदूला माहीत असते. मेंदूच्या तळाशी, खोलवर दडलेला एक लहानसा पेशीसमूह अशा कृतींचा कारभार पाहत असतो. शास्त्रीय परिभाषेत त्याला तल-गुच्छिका म्हणतात. डॉक्टरमंडळी 'बेसल गँग्लिया' म्हणतात.

या अवयवाची ओळख करून घेण्यामागे केवळ जिज्ञासा नाही. त्याचा बिघाड आपल्या घरांत तीन निरनिराळ्या वयांत प्रकट होऊ शकतो: पाळण्यातल्या बाळात, शाळकरी मुलात आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसात. दुर्दैव असे की, तिन्ही वेळी आपण त्याला भलतेच नाव देतो. बाळाच्या बाबतीत 'काही नाही, सगळ्यांनाच होते' म्हणतो, मुलाच्या बाबतीत 'खोडकर झाला आहे' म्हणतो आणि आजोबांच्या बाबतीत 'आता वय झाले' म्हणतो. नाव चुकले की उपाय चुकतो, आणि उपायाबरोबर वागणूकही चुकते.

रचना

मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन साधारण तेराशे ते चौदाशे ग्रॅम असते. अक्रोडासारख्या सुरकुत्या असलेले त्याचे बाहेरचे आवरण म्हणजे प्रमस्तिष्काची बाह्यक. विचार, निश्चय, भाषा यांचे ते मुख्य स्थान. त्या आवरणाच्या आत पांढऱ्या तंतूंचा दाट थर असतो आणि त्याही खाली, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, करड्या रंगाच्या पेशींचे काही पुंजके असतात. ह्याच तल-गुच्छिका. उजवीकडे एक संच आणि डावीकडे एक संच, अशी त्यांची जोडी असते.

त्यातील पहिला पुंजका लांब शेपटीसारखा वळलेला आहे, म्हणून त्याला पुच्छाकृती केंद्रक म्हणतात. दुसऱ्याचे लॅटिन नाव पुटामेन. त्याचा अर्थ टरफल. हे दोन्ही मिळून 'रेखित पिंड' होतो, कारण त्यांच्यामधून जाणाऱ्या पांढऱ्या तंतूंमुळे कापलेल्या भागावर पट्टे दिसतात. इंग्लंडमधील टॉमस विलिस या वैद्याने १६६४ साली मेंदूच्या रचनेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात या रेखित पिंडाचे वर्णन आहे. तिसरा पुंजका फिकट रंगाचा, म्हणून त्याला फिकट गोलक म्हणतात. त्याचे बाहेरचा व आतला असे दोन भाग पडतात. चौथा, थॅलामस नावाच्या मोठ्या केंद्राच्या खाली असलेला मसुराएवढा लहान पुंजका. आणि पाचवे म्हणजे मेंदूच्या देठात असलेले कृष्णद्रव्य. यातील पेशींत काळसर रंगद्रव्य असते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनीही ती काळी पट्टी दिसते. हे काळे द्रव्य पुढे आपल्या कथेत महत्त्वाचे ठरणार आहे.

कारभार

हे पुंजके करतात काय? आपल्या ओळखीच्या दरबाराचे रूपक घेऊ. मेंदूचे बाह्य आवरण हा राजा. 'ऊठ, चल, लिही' असे हुकूम त्याच्याकडून निघतात. मागच्या बाजूचा लहान मेंदू हा कसबी तपासनीस. हालचाल अचूक होते की नाही हे तो पाहतो. तल-गुच्छिका हा तळघरात बसलेला कारभारी, आणि शिक्का त्याच्या हाती. राजाने हुकूम काढला तरी कारभाऱ्याचा शिक्का उठल्याशिवाय त्याची अंमलबजावणी होत नाही.

या कारभाऱ्याची कामाची तऱ्हा मोठी विलक्षण आहे. 'नाही' हा त्याचा नित्याचा शब्द. फिकट गोलकाचा आतला भाग अखंड संदेश पाठवून थॅलामसला रोखून धरीत असतो. हा लगाम नसता तर मनात येणारी प्रत्येक हालचाल एकाच वेळी अंगातून उसळली असती. एखादी कृती करावयाची झाली म्हणजे रेखित पिंड त्या फिकट गोलकालाच गप्प करतो. म्हणजे लगाम धरणाऱ्याचा हात तेवढ्यापुरता सैल होतो, आणि ती एकच हालचाल पुढे जाते. याच वेळी दुसऱ्या, किंचित लांबच्या वाटेने इतर नको असलेल्या हालचालींचा लगाम अधिक घट्ट केला जातो. एक वाट मुभेची, दुसरी मनाईची. दोन्हींचा तोल राहिला तर माणूस सहज उठतो, चालतो, लिहितो. मनाई वाढली तर अंग थिजते; मुभा वाढली तर अंग आपोआप नाचू लागते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी मांडलेले हे चित्र पुढील संशोधनाने अधिक गुंतागुंतीचे झाले आहे. तथापि रोग समजून घेण्यास ते आजही उपयोगी पडते.

या दोन वाटांचा तोल राखण्याचे काम कृष्णद्रव्यातून येणारे डोपामिन नावाचे रसायन करते. ते मुभेच्या वाटेला बळ देते आणि मनाईच्या वाटेला आवर घालते. शिवाय केलेली कृती फळाला आली की त्याच रसायनाच्या द्वारे मेंदू ती कृती 'लक्षात ठेवण्याजोगी' म्हणून नोंदवितो. पाटीवर 'ग म भ न' गिरविणाऱ्या मुलाचे अक्षर वळणदार होते, पाढे तोंडी बसतात, सायकलचा तोल एकदा साधला की वीस वर्षांनीही विसरत नाही, या सर्वांमागे तल-गुच्छिका व त्यांचे सहकारी असतात. गिरवून घेण्याची आपली जुनी शिक्षणपद्धती पुष्कळांना रटाळ वाटते. पण तिच्या मुळाशी शरीरधर्माचे एक सत्य आहे, हे मान्य करावे लागेल.

पाळण्यातले वय

आता बिघाडाकडे वळू. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक बाळांच्या अंगावर पिवळी झाक येते. तांबड्या पेशी मोडून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते आणि बाळाचे यकृत ते पुरेशा वेगाने बाहेर टाकू शकत नाही. बहुतेक बाळांत ही कावीळ आपोआप ओसरते. काही बाळांत मात्र तिचे प्रमाण फार वाढते, आणि मग ते द्रव्य मेंदूत शिरून विशेषतः फिकट गोलकासारख्या तळाच्या पुंजक्यांना पिवळे रंगविते व त्यांतील पेशी मारते. असे मूल वाचले तरी पुढे त्याचे हातपाय नकळत वळत राहतात, बोलणे अस्पष्ट होते, पुष्कळदा ऐकूही येत नाही. बुद्धी मात्र अनेकदा शाबूत असते. शरीर न ऐकणाऱ्या आणि मन सर्व जाणणाऱ्या अशा मुलाला लोक सरसकट मतिमंद ठरवितात, ही केवढी विटंबना!

हा अनर्थ जवळजवळ सर्वस्वी टाळता येतो. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५० च्या दशकात एका परिचारिकेच्या ध्यानात आले की, उन्हात नेलेल्या बाळाच्या अंगाचा उघडा भाग कमी पिवळा दिसतो. त्या निरीक्षणातून १९५८ साली प्रकाशोपचाराचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. विशिष्ट निळा प्रकाश त्वचेतील बिलिरुबिनाचे रूप पालटून ते शरीराबाहेर पडण्याजोगे करतो. आज हे निळे दिवे बालरुग्णालयांतून सर्रास असतात. घराच्या अंगणातले कोवळे ऊन मात्र त्यांची जागा घेऊ शकत नाही.

घरच्या आजीने व आईने एवढे ध्यानात ठेवावे. पहिल्या चोवीस तासांतच कावीळ दिसली, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, कर्कश रडू लागले किंवा अंगाची कमान करू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आई-बाळाचे रक्तगट न जुळणे हे एक कारण असते, म्हणून गरोदरपणीच रक्तगट तपासून घ्यावा. आणखी एक गोष्ट. पेटीत डांबराच्या गोळ्यांमध्ये जपून ठेवलेली जुनी अंगडी-टोपडी, दुपटी आपण हौसेने बाळाला घालतो. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका विकराची कमतरता असते. त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने भराभर मोडतात आणि कावीळ विकोपाला जाते. तेव्हा अशा गोळ्यांतले कपडे बाळासाठी वापरूच नयेत हे उत्तम. पाळणा कितीही सुरेख रंगविलेला असो, त्यात निजणाऱ्या बाळाच्या अंगाचा रंग आधी पाहावा.

शाळेचे वय

शाळेत तीस वर्षे काढलेल्या शिक्षकाला मुलांच्या वह्या म्हणजे मुलांची प्रकृती सांगणारी नाडीच वाटते. चांगले अक्षर असलेल्या एखाद्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीचे अक्षर दोन-तीन आठवड्यांत पार बिघडते. हातातून पेन्सिल, पेला निसटतो. ती बाकावर स्वस्थ बसत नाही, खांदे उडविते, तोंड वेडेवाकडे करते, क्षणात हसते, क्षणात रडते. वर्गात तिला शिक्षा होते, घरी आई म्हणते, "किती चाळे करशील गं?" कोणी दृष्ट काढतात. झोपेत मात्र या साऱ्या हालचाली थांबतात.

हे चाळे नव्हेत. या विकाराला सिडनहॅमचा कोरिया म्हणतात. टॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने १६८६ साली त्याचे वर्णन केले. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूंमुळे घसा सुजतो. घसा बरा होतो, परंतु त्या जंतूंविरुद्ध शरीराने उभारलेली प्रतिपिंडे काही मुलांत चुकून स्वतःच्याच तल-गुच्छिकांवर चालून जातात. त्यामुळे लगाम सैल होतो व नको त्या हालचाली उसळतात. पाच ते पंधरा या वयात, आणि मुलांपेक्षा मुलींत, हा विकार अधिक आढळतो. घसादुखी होऊन कित्येक आठवडे, कधी महिने लोटलेले असतात, त्यामुळे तिचा संबंध कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

काही आठवड्यांत वा महिन्यांत हालचाली बहुधा शमतात. मग एवढी चिंता कशाला? चिंता हृदयाची. हा संधिज्वराचाच एक आविष्कार आहे, आणि संधिज्वर हृदयाच्या झडपांना कायमची इजा करू शकतो. म्हणून अशा मुलाचे हृदय तपासून घेणे आणि पुढे काही वर्षे दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन नियमाने देणे आवश्यक असते. ज्या मुलीला छडी मिळाली तिला खरे म्हणजे डॉक्टरांकडे न्यावयास हवे होते, हे शिक्षकांनी व पालकांनी विसरू नये. अक्षर अकस्मात बिघडणे हा शिस्तभंग समजण्यापूर्वी ते एक लक्षण असू शकते, एवढा विचार मनात यावा.

उतरते वय

तिसरा आणि सर्वांत परिचित बिघाड म्हणजे कंपवात. लंडनमधील डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन आहे आणि त्यांपैकी काहींना तर त्यांनी रस्त्याने जाता-येताच पाहिले होते. पुढे फ्रान्समधील शार्को यांनी या रोगाला त्यांचे नाव दिले. रोग कोठे आहे याचा उलगडा होण्यास मात्र शतक लोटले. १९१९ साली ट्रेत्याकॉफ यांनी दाखविले की, या रुग्णांच्या मेंदूतील ती काळी पट्टी, ते कृष्णद्रव्य, फिके पडलेले असते. स्वीडनचे कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस डोपामिनचे कार्य उजेडात आणले, ज्याबद्दल त्यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९६० साली व्हिएन्नामध्ये रुग्णांच्या रेखित पिंडात हेच रसायन घटलेले आढळले. कारभारी जागेवर होता. त्याच्या दौतीतली शाईच आटली होती.

ही शाई एका दिवसात आटत नाही. बाहेरून लक्षणे दिसू लागतात तोवर कृष्णद्रव्यातील त्या पेशींचा मोठा हिस्सा नष्ट झालेला असतो. म्हणून आरंभीच्या खुणा ओळखणे महत्त्वाचे. आमचे एक सेवानिवृत्त सहकारी होते. हजेरीपटावरची त्यांची सही पूर्वी ऐटबाज होती. शेवटच्या दोन वर्षांत ती लहान लहान होत गेली, आणि लांब ओळ लिहिताना अक्षरे शेवटी मुंगीएवढी होत. सारे म्हणत, चष्म्याचा नंबर वाढला असेल. पुढे निदान झाले ते कंपवाताचे. अक्षर बारीक होणे ही या रोगाची जुनी ओळखीची खूण आहे. तसेच चालताना एक हात न हलणे, पाय घासत चालणे, आवाज बारीक व एकसुरी होणे, चेहऱ्यावरचे भाव मावळणे, सदऱ्याची बटणे लावण्यास वेळ लागणे. गंध न येणे, बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणे व हातपाय झाडणे ह्या गोष्टी तर कित्येकदा अनेक वर्षे आधी सुरू होतात. हात मांडीवर स्वस्थ ठेवला असता अंगठा व बोटे गोळी वळल्यासारखी थरथरतात. पेला उचलताना ती थरथर कमी होते. काहींना कंप मुळीच नसतो, नुसता ताठरपणा व मंदपणा असतो.

येथे दोन इशारे आवश्यक आहेत. पहिला, प्रत्येक थरथर म्हणजे कंपवात नव्हे. चहाची कपबशी धरतानाच हात कापतो, असा एक निराळा व बराच सौम्य विकार घराण्यातून चालत येतो. दुसरा, चक्कर व उलटी यांवरील काही औषधे, तसेच काही मानसिक आजारांवरील औषधे डोपामिनचे कार्य अडवितात आणि हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे निर्माण करतात. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, मेटोक्लोप्रामाइड ही त्यांपैकी काही नावे. चक्कर येते म्हणून चालू झालेली गोळी वर्षानुवर्षे घेतली जाते, आणि मंदपणा मात्र वयाच्या खात्यावर टाकला जातो. डॉक्टरांनी असे औषध थांबविले की पुष्कळांची लक्षणे काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतात. म्हणून तपासणीस जाताना घरातल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात.

हा रोग आपल्याकडे किती? मुंबईच्या पारशी समाजात घरोघर जाऊन केलेली पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तीत दर एक लाख लोकसंख्येत सुमारे ३२८ रुग्ण आढळले. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या २००४ सालच्या पाहणीत हेच प्रमाण लाखात सुमारे ३३ होते. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे, हे या तफावतीचे एक कारण. आता आपल्या घरांतही माणसे दीर्घायुषी होत आहेत. तेव्हा हा पाहुणा आपल्याही ओसरीवर अधिक दिसणार.

रानातली शेंग आणि डॉक्टरांची गोळी

डोपामिन कमी पडले, तर ते बाहेरून द्यावे, हा विचार सरळ आहे; पण रक्तातून मेंदूत जाण्याच्या वेशीवर डोपामिनला अडविले जाते. लेव्होडोपा हे त्याचे पूर्वरूप मात्र आत जाऊ शकते, व आत गेल्यावर त्याचे डोपामिन बनते. १९६१ साली व्हिएन्नात ते प्रथम रुग्णांना टोचून दिले गेले आणि १९६७ साली अमेरिकेत कोट्झियास यांनी ते तोंडावाटे मोठ्या प्रमाणात देऊन टिकाऊ गुण दाखविला. आज ते कार्बिडोपा या साह्यक द्रव्यासह गोळीच्या रूपात मिळते.

या औषधाचा एक धागा आपल्या मुलखाशी जुळतो. कलघटगीपासून यल्लापूरकडच्या रानात कुंपणांवर, झुडपांवर एक वेल चढलेली दिसते. तिच्या शेंगांवरची सोनेरी लव अंगाला लागली की विलक्षण खाज सुटते. मराठीत ती खाजकुयली, कन्नडमध्ये नसुगुन्नी, संस्कृतात कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता. तिचे बी आयुर्वेदात पूर्वापार वापरात आहे. १९३७ साली मद्रास येथील दामोदरन व रामस्वामी या शास्त्रज्ञांनी या बियांमधून शुद्ध लेव्होडोपा वेगळा केला. म्हणजे कंपवातावर त्याचा उपयोग कळण्याच्या कितीतरी आधी ते द्रव्य आपल्या देशात हाती आले होते!

मात्र यावरून कोणी कुंपणावरची शेंग वाटून खाऊ नये. बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण बीगणिक बदलते. चालू गोळीबरोबर ते पोटात गेले तर ओकारी, भ्रम, रक्तदाब उतरणे असे प्रकार होऊ शकतात. वैद्यांचा सल्ला घ्यावयाचा असेल तरी तो डॉक्टरांच्या कानावर घालूनच. गोळी ठरल्या वेळी, घड्याळ पाहून द्यावी. जेवणातील डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिने काहींच्या बाबतीत तिच्या शोषणात अडथळा आणतात, म्हणून जेवणाआधी अर्धा-पाऊण तास ती घेण्याचा सल्ला बहुधा देतात. गोळी मनाने एकदम बंद करणे मात्र धोक्याचे. काही वर्षांनी तिचा असर अपुरा काळ टिकू लागतो, किंवा अंग नको तेव्हा हलू लागते. तेव्हा मात्रेची फेरमांडणी करावी लागते. निवडक रुग्णांना मेंदूत बारीक तार बसवून विद्युत्स्पंदने देण्याच्या शस्त्रक्रियेचा लाभ होतो. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९८७ साली बेनाबिद यांनी तिची सुरुवात केली. आज ती मुंबई-बंगळूरसारख्या शहरांतही होते. यांपैकी कोणताही उपाय रोग समूळ नाहीसा करीत नाही. परंतु माणसाला त्याची पुष्कळ वर्षे परत मिळवून देतो.

घरातले औषध

या रोगाची एक अजब गोष्ट सर्वांनी जाणून घ्यावी. उंबरठ्याशी आले की रुग्णाचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. "अहो, पाय उचला की!" असे घरची माणसे परोपरीने सांगतात, तरी पाय उचलत नाही. आणि तेच आजोबा जिना मात्र भराभर चढून जातात, किंवा जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या तर प्रत्येक पट्टीवर पाऊल टाकीत सहज चालतात. पाहणाऱ्याला हे ढोंग वाटते. वस्तुतः आतल्या कारभाऱ्याचा शिक्का उठत नाही तेव्हा मेंदू डोळ्यांना दिसणाऱ्या किंवा कानांना ऐकू येणाऱ्या खुणेच्या आधाराने दुसऱ्या वाटेने काम करून घेतो. म्हणून उंबरठ्याजवळ जमिनीवर ठळक रंगाच्या पट्ट्या चिकटवाव्यात. मोठ्याने "एक, दोन, एक, दोन" म्हणावे. टाळाच्या ठेक्यावर पाऊल टाकणे हे तर आपल्या वारकऱ्यांच्या अंगात मुरलेले. घरात भजनाची लय चालू असेल तर त्या लयीत चालण्याचा सराव करून पाहण्यास काय हरकत आहे? मात्र पडू नये म्हणून कोणी जवळ असावे. चालताना प्रश्न विचारू नयेत आणि हाताला धरून ओढू नये. चेहरा निर्विकार दिसला तरी आत भावना जशाच्या तशा असतात. 'आजोबा हल्ली हसतच नाहीत' म्हणून नातवंडांनी दूर जाऊ नये. खिन्नता हीही या रोगाचा भाग असते आणि तिच्यावर उपाय असतो.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ नावाचा स्वमदत गट आहे. रुग्ण व त्यांचे कुटुंबीय तेथे एकत्र जमतात, तज्ज्ञांची व्याख्याने ऐकतात, व्यायाम करतात आणि ११ एप्रिल हा जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिन मेळावा भरवून साजरा करतात. पुण्यातीलच नर्तक हृषीकेश पवार यांनी या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालविले. चालताना अडखळणारी माणसे लयीत पावले टाकू लागतात, हे वर सांगितलेल्या शरीरधर्माचेच प्रत्यंतर. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मंडळांना असे काही करणे अवघड नाही. गणेशोत्सवाला व संक्रांतीला जमणारी माणसे महिन्यातून एकदा यासाठीही जमू शकतील. आमच्या भागापुरते सांगायचे तर हुबळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे, लोक ज्याला किम्स म्हणतात ते, रुग्णालय आणि धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाशास्त्र संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. बंगळूरची निम्हान्स तर देशभर प्रसिद्ध आहेच.

मनुष्य आपल्या इच्छाशक्तीचा फार अभिमान बाळगतो. 'मनात आणले तर काय होत नाही?' असे आपण मुलांना नेहमी सांगतो, आणि ते बरेचसे खरेही आहे. पण मनात आणणे आणि अंगातून घडणे यांच्यामध्ये एक उंबरठा आहे, आणि त्या उंबरठ्यावर मूठभरही नसलेले काही पुंजके अहोरात्र राबत असतात, म्हणूनच आपले घर चालते-बोलते राहते. ते थकले, रंगले किंवा दुखावले गेले, तर त्या माणसाला दोष देणे म्हणजे दौत रिकामी झाली म्हणून हस्ताक्षराला नावे ठेवण्यासारखे आहे. तेव्हा बाळाचा रंग पाहावा, मुलाचे अक्षर पाहावे, वडिलांचे पाऊल पाहावे. आणि वेगळे काही दिसले, तर रागावण्याआधी विचारपूस करावी व वेळ न घालविता डॉक्टरांचा दरवाजा ठोठवावा.